फेसाच्या बाटलीत हवा विकत नाहीत

'हँडवॉशची नळी मुद्दाम आखूड कापतात, पंप गरजेपेक्षा जास्त साबण सोडतो, फेसाच्या बाटलीत तर हवाच विकतात आणि पंप लवकर बिघडावा अशीच त्याची रचना असते,' असा एक संदेश खूप फिरतो. साबण वाचवायला पंपाच्या मानेला रबरबँड गुंडाळा, असा सल्लाही त्यात असतो. यातला प्रत्येक आरोप पंप कसा चालतो ते पाहून तपासायला हवा.

आधी हवेचा आरोप, कारण तो सर्वांत चुकीचा आहे. फेसाच्या पंपात दोन कप्पे असतात, एक द्रवाचा आणि त्याहून बराच मोठा हवेचा. दाबल्यावर दोन्ही एकत्र येऊन बारीक जाळीतून ढकलले जातात आणि फेस होतो. ही हवा विकत घेतलेली नसते, पंप ती दर वेळी बाहेरून ओढतो. बाटलीवरचे मिलिलिटर द्रवाचेच असतात. तो द्रव पातळ असतो हे खरं, पण तो पातळच लागतो. दाट हँडवॉश तसाच ओतून पाहा, जाळी तुंबेल.

नळी तळाला सपाट टेकली तर तिचं तोंडच बंद होईल, म्हणून टोक अनेकदा तिरकं कापतात. अनेक बाटल्यांचा तळ मध्ये उचललेला असतो आणि शेवटचा साबण कडेला साचतो. बाटली त्या बाजूला कलती धरली की त्यातला बराचसा येतो.

साबण किती यावा हे दट्ट्या किती खाली जातो त्यावर ठरतं. साधा पंप पूर्ण दाबला की साधारण 1 ते 2 मिलिलिटर येतो, अर्धा दाबला की त्याच्या निम्म्याच्या आसपास. मानेला रबरबँड गुंडाळला की दट्ट्या पूर्ण खाली जात नाही, म्हणून त्या संदेशातला तो सल्ला मात्र अगदी बरोबर आहे.

आता बिघाड. दट्ट्या वर येताना खालची छोटी गोळी उचलली जाते आणि साबण आत शिरतो. दाबताना तीच गोळी नळीची वाट बंद करते. गोळीभोवती साबण वाळला की ती अडकते. पंप काढून कोमट पाण्यात बुडवायचा आणि काही वेळा दाबायचा. बहुतेकदा तो पुन्हा चालू लागतो. बाटली आत चेपत असेल तर हवा आत यायचं बारीक छिद्र बुजलेलं असतं, तेही धुवावं.

राग धरायचाच तर वेगळ्या गोष्टीचा धरावा. बहुतेक पंपांच्या प्लास्टिकमध्ये धातूची स्प्रिंग असते आणि ती सहज वेगळी होत नाही, त्यामुळे रिसायकलिंगला अडचण येते. पूर्ण प्लास्टिकचे पंप आता बनतात. ते मिळेपर्यंत जुना पंप धुऊन नव्या बाटलीला लावता येतो, फक्त मानेचे आटे जुळायला हवेत.