मुलालींची बोईंगमधली वर्षे दोन ओळींत का?

फोर्ड या अमेरिकन मोटार कंपनीचे माजी प्रमुख अॅलन मुलाली यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण सगळा भर 2006 नंतरच्या, म्हणजे ते तिथे गेल्यानंतरच्या फोर्डवर. माणूस 1969 मध्ये इंजिनिअर म्हणून विमानं बनवणाऱ्या बोईंगला लागला आणि 37 वर्षे तिथे राहिला, ते दोन ओळींत उरकलंत! खरी गंमत त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या 777 विमानात आहे. पूर्ण संगणकावर आखलेलं बोईंगचं ते पहिलं प्रवासी विमान. डिझाइनवाले, कारखान्यातले, पुरवठादार, एवढंच काय विमान विकत घेणाऱ्या कंपन्यांची माणसंही सुरुवातीपासून एकत्र बसवली. 1994 ला पहिलं उड्डाण, 1995 ला प्रवासी सेवेत. फोर्डमध्ये पुढे जे केलं त्याची तालीम इथेच झाली.

मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. काम ठीक असेल तर हिरवा, धोक्यात असेल तर पिवळा, अडकलं असेल तर लाल, असा फोर्डसारखा तक्ता आमच्याकडेही लागतो. माल अडकलेला असतो अन् तक्ता मात्र हिरवागार! फोर्डमध्ये मार्क फील्ड्स या वरिष्ठ अधिकाऱ्याने पहिल्यांदा लाल दाखवून अडचण कबूल केली तेव्हा मुलालींनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे लाल दाखवणाऱ्याला आधी केबिनमध्ये बोलावतात.

आणि 2005 मध्ये बोईंगचं सर्वोच्च पद मुलालींना डावलून बाहेरून आलेल्या मॅकनर्नींना दिलं, हेही लेखात यायला हवं होतं. त्याशिवाय मुलाली बोईंग सोडून डेट्रॉइटकडे, फोर्डमध्ये का गेले, हे कसं कळणार?