भिंत पाडा म्हणणाऱ्यांना

फुटबॉलमध्ये फ्री किकवर (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या किकवर) देखणा गोल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मजकूर फोनवर येऊन थडकतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, मुद्दे मात्र ठरलेले. भिंतीमुळे, म्हणजे किक अडवायला चेंडूसमोर रांगेत उभ्या केलेल्या खेळाडूंमुळे, कीपरला चेंडूच दिसत नाही, तेव्हा भिंत काढून टाका. ठेवायचीच असेल तर तिने उडी मारू नये, कारण चेंडू पायाखालून जातो. गोलरेषेवर पोस्टजवळ, म्हणजे गोलच्या खांबाजवळ, एक माणूस उभा करा. आणि शेवटचा, सगळ्यात लाडका: भिंत एक बाजू सांभाळते, दुसरी बाजू कीपरची, म्हणून चेंडू कीपरच्या बाजूने आत गेला तर चूक कीपरचीच.

यातलं थोडंफार खरं आहे, म्हणून तर ते पटतं. एकेक मुद्दा घेऊ.

भिंत कीपरच्या नजरेआड येते, हे मान्य. गोलकीपरांना आभासी मैदानात उभं करून केलेल्या प्रयोगांतही भिंत असताना त्यांची पहिली हालचाल उशिरा होते, असं दिसलं आहे. पण मग भिंत काढल्यावर किकर काय करेल? तो आज जसा चेंडू मारतो तसाच मारणार, असं हा मजकूर गृहीत धरतो. तो तसा कशाला मारेल? समोर मोकळं मैदान असेल तर फिरकीच्या नादी न लागता तो सरळ तोफ डागेल.

20 मीटरवरून ताशी 110 किलोमीटरने मारलेला चेंडू साधारण 0.65 सेकंदात गोलपर्यंत पोहोचतो. डोळ्यांनी पाहून शरीर हलायलाच 0.2 सेकंद जातात. उरलेल्या अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात कीपरने मधोमध उभं राहून दोन्हीकडे 3.66 मीटर सांभाळायचे. चेंडू पायातून सुटताना अगदी लख्ख दिसला, तरी हात पोहोचणार कुठून?

आता मध्ये भिंत ठेवा. नियमाप्रमाणे ती चेंडूपासून 9.15 मीटरवर. तिच्यावरून जायचं आणि पुन्हा 2.44 मीटर उंचीवरच्या आडव्या दांड्याखाली, क्रॉसबारखाली, उतरायचं, म्हणजे चेंडूला कमान हवी. कमान हवी म्हणजे वेग सोडावा लागतो. फिरकी आणि हवेचा रोध बाजूला ठेवून शाळेतलं गणित केलं, तर 1.85 मीटर उंचीच्या, जमिनीवर उभ्या भिंतीवरून चेंडू ताशी 90 किलोमीटरच्या आसपासच मारता येतो. त्याहून जोरात मारला तर तो बारवरून जातो. गोलपर्यंत पोहोचायला 0.83 सेकंद. प्रत्यक्षात चांगले किकर चेंडूला खाली बसणारी फिरकी देऊन यापेक्षा जास्त वेग काढतात, पण ती कला मोजक्यांचीच आहे. भिंत नसेल तर ती शिकायची गरजच कुणाला राहणार नाही.

चेंडू अडवणं हे भिंतीचं दुय्यम काम आहे. मुख्य काम किकरला अवघड वाटेने पाठवणं आणि कीपरला वेळ मिळवून देणं. किती गोल ती झाकते तेही पाहा. खांद्याला खांदा लावून उभ्या चार जणांची रुंदी धरा दोन मीटर. 20 मीटरवरच्या गोलवर या दोन मीटरची सावली पडते जवळपास 4.4 मीटर, आणि गोल आहे 7.32 मीटरचा. एक माणूस कमी केला की मीटरभराहून जास्त गोल उघडा पडतो.

नजरेचा प्रश्न उरतोच. त्याला उपाय आहेत, ते भिंत पाडण्याइतके चमकदार नाहीत एवढंच. कीपरने भिंतीच्या आतल्या कडेपलीकडून चेंडू दिसेल इथवरच सरकायचं, त्यापुढे नाही. शिवाय कीपरला आंधळं करण्यात समोरच्या संघाचा हात मोठा असायचा. आघाडीपटू भिंतीत घुसायचे, ऐन वेळी बाजूला होऊन भगदाड पाडायचे. 2019-20 च्या नियमबदलापासून तीन किंवा अधिक जणांची भिंत असेल तर त्यांना किमान एक मीटर दूर राहावं लागतं. भिंतीबद्दलच्या तक्रारींपैकी बऱ्याच त्याआधीच्या जमान्यातल्या आहेत.

उडीचा मुद्दा जास्त मजेशीर आहे, कारण त्याच्या बाजूने दाखवायला झकास व्हिडिओ मिळतात. डिसेंबर 2006 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये वेर्डर ब्रेमेनची भिंत हवेत गेली आणि बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्योने चेंडू खालून सरकवला. कीपर बघतच राहिला. असा गोल एकदा पाहिला की विसरत नाही आणि भिंतीची उडी म्हणजे निव्वळ मूर्खपणा वाटायला लागतो.

पण पुन्हा त्या गणिताकडे या. भिंतीने 50 सेंटीमीटर उडी मारली तर 90 चा वेग घसरून 74 वर येतो आणि चेंडूला 1.05 सेकंद लागतात. उडीने कीपरला साधारण 0.2 सेकंद जास्त मिळाले. म्हणजे पाहून प्रतिक्रिया द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. कीपरच्या दृष्टीने ही फार मोठी रक्कम आहे. वर्षातून एकदा कुणीतरी खालून चेंडू सरकवतो म्हणून ती परत करायची?

खालची फट बुजवायची सोय झालेलीच आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये बार्सिलोनाविरुद्ध इंटरच्या ब्रोझोविचने सुआरेझ किक मारत असताना भिंतीमागे जमिनीवर अंग टाकलं आणि नेमका तिथेच आलेला चेंडू अडवला. तेव्हा लोक हसले. आता भिंतीमागे आडवा पडलेला खेळाडू इतका नेहमीचा झाला आहे की तो नसला तर चुकल्यासारखं वाटतं. खाली झोपलेला माणूस असेल तर वरच्यांनी खुशाल उडी मारावी.

उडीहून कितीतरी वाईट सवय आहे पाठ फिरवण्याची, आणि तिच्याबद्दल त्या मजकुरात एक ओळ नाही. मार्च 2021, युव्हेंटस विरुद्ध पोर्तो, 115 वं मिनिट. पोर्तोच्या सेर्जिओ ओलिव्हेराने लांबून जमिनीलगत चेंडू मारला. युव्हेंटसची भिंत उडता उडता वळली. त्यात खुद्द क्रिस्तियानो रोनाल्डोही होता. चेंडू त्यांच्या पायांमधून आरपार गेला. सामना युव्हेंटसने 3-2 जिंकला, पण दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत सुटली आणि परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जाणार या तेव्हाच्या नियमाने ते स्पर्धेतून बाहेर पडले. तोंड समोर, हात अंगाशी, डोळे चेंडूवर, एवढं करायला वेगळी प्रतिभा लागत नाही. चेंडू लागला तर दुखतं, हे कबूल. त्यासाठीच तर तिथे उभं केलेलं असतं.

गोलरेषेवर माणूस उभा करण्याचा सल्ला दोन वाक्यांत निकालात निघतो. तो रेषेवर उभा राहिला की ऑफसाइडची रेषा, म्हणजे जिच्या पुढे असलेल्या आघाडीपटूला खेळात भाग घेता येत नाही ती, मोडते, आणि समोरचे तीन-चार जण कीपरच्या नाकासमोर येऊन बिनदिक्कत उभे राहू शकतात. म्हणजे भिंत नजरेआड येते म्हणून रडायचं आणि मग तिच्या जागी शत्रूलाच उभं करायचं! अपवाद एकच: पेनल्टी क्षेत्रात अगदी जवळून मिळालेली अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही ती. तिथे 9.15 मीटर जागाच नसते, तेव्हा अख्खा संघ पोस्टांमध्ये रेषेवर उभा राहतो आणि तेच योग्य असतं.

राहिला कीपरच्या दोषाचा मुद्दा. मी बरीच वर्षं गोलमध्ये उभा राहिलेला माणूस आहे, तेव्हा मी पक्षपाती असणारच, हे आधीच सांगून टाकतो.

'ही बाजू भिंतीची, ती कीपरची' ही वाटणी समजावायला सोपी आहे, पण ती जमिनीवर आखलेली रेघ नव्हे. कीपर आपल्या बाजूच्या पोस्टला चिकटून उभा राहिला तर भिंतीवरून येणारा हळू चेंडूही त्याला गाठता येणार नाही. म्हणून तो मध्याच्या जरासा आपल्या बाजूला उभा राहतो. म्हणजे 'त्याच्या' बाजूचा कोपराही त्याच्यापासून तीनेक मीटरवर असतो. तिथे वरच्या कोपऱ्यात जोरात बसलेला चेंडू कुणाच्याच खात्यावर टाकता येत नाही. 1997 मध्ये लिआँला ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसने सुमारे 35 मीटरवरून मारलेला चेंडू इतका बाहेरून निघाला होता की गोलच्या बाजूला असलेल्या चेंडू आणून देणाऱ्या मुलाने डोकं चुकवलं. मग तो वळून पोस्टला घासून आत गेला. फ्रान्सचा कीपर बार्थेझ जागचा हलला नाही म्हणून त्याला नावं ठेवणं म्हणजे फारच झालं.

उलट खरोखर कीपरच्या पदरात टाकावा असा गोल 2002 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडचा कीपर सीमनने खाल्ला. ब्राझीलचा रोनाल्डिन्यो लांब, बाजूला होता. सीमन क्रॉसच्या अपेक्षेने पुढे आला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. चूक बाजूची नव्हती, गोलपासून किती पुढे यायचं याची होती. मजकुरातल्या नियमात ही चूक बसतच नाही.

आणि चेंडू बाहेरून वळून पोस्टच्या आत गेला तर आधी भिंतीचा शेवटचा माणूस पाहावा. एप्रिल 2025 मध्ये आर्सेनलच्या डेक्लन राइसने रेआल माद्रिदविरुद्ध दोन फ्री किक मारल्या. पहिली भिंतीच्या कडेला वळसा घालून आत गेली, दुसरी वरच्या कोपऱ्यात. दुसरीला उत्तर नव्हतं. पहिलीला होतं: भिंतीचा कडेचा माणूस चेंडू आणि पोस्ट यांना जोडणाऱ्या रेषेच्या बाहेर असायला हवा, म्हणजे वळसा इतका मोठा घ्यावा लागतो की चेंडू पुन्हा आत येतच नाही. एका पावलाचा हिशेब असतो तो.

हे पाऊल नीट बसवायला कीपर पोस्टला जाऊन बिलगतो, एक डोळा मिटतो आणि हातवारे करत ओरडतो. तेवढा वेळ बाकीचा गोल रिकामा. डिसेंबर 2004 मध्ये चेल्सीचा कीपर चेक असाच भिंत लावण्यात गुंतला होता. आर्सेनलच्या आँरीने शिट्टीची वाट न पाहता लवकर किक मारायची परवानगी पंचांकडे मागितली, ती मिळाली, आणि चेकने मान वर करेपर्यंत चेंडू जाळ्यात होता. भिंत लावायचं काम चेंडूमागे उभ्या असलेल्या आपल्याच एखाद्या आघाडीपटूने करावं. त्याला रेषा कीपरपेक्षा चांगली दिसते, आणि कीपरला गोल सोडून हलावंच लागत नाही.