गाडगेबाबांचा झाडू आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे पाच मुद्दे

‘देश गोष्टींनी नाही, मशीनने बदलतो’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यात पाच मुद्दे आहेत. गाडगेबाबांनी आयुष्यभर झाडू मारला, तरी देश घाणच राहिला. अडाणी लोकांना समजावत बसू नका, हातात यंत्र द्या, ते आपोआप बदलतात. मेंढा-लेखासारखी गावं म्हणजे संस्थांनी रंगवलेल्या कहाण्या. नागपूरचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला नेलं ते इंजिनिअरांनी, कीर्तनकारांनी नाही. आणि थोड्याच वर्षांत हवेतला कार्बन खेचणारी यंत्रं येणार आहेत, तेव्हा सवयी बदला म्हणून लोकांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

असले मजकूर रोज येतात, हाही मी सोडून दिला असता. पण माझ्या आईला तो तिच्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, तुमच्या भजनी मंडळात वाचून दाखवा.’ आईचं मंडळ देवळातलं निर्माल्य वेगळं काढून त्याचं खत करतं आणि भजन आटोपलं की घरोघरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यावर बोलतं. तिने मला विचारलं, ‘काहून गं, आमचं सारं फुकटच गेलं का?’ सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मनात असल्या अर्धवट मजकुरामुळे ही शंका यावी, याचा मला संताप आला. म्हणून हे उत्तर. पाचही मुद्द्यांना मी सारखी जागा देणार नाही, कारण त्यांतले काही नुसते चुकीचे आहेत आणि एक घातक आहे.

आधी गाडगेबाबा. हा मुद्दा ज्याने लिहिला त्याला बाबांची पद्धतच ठाऊक नाही. बाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले आणि १९५६ साली गेले. गावात शिरले की ते आधी हातात झाडू घेत. लोक बघत राहत, मग एकेक जण हात लावायला येई. कीर्तन व्हायचं रात्री. ते कीर्तनही बुवा बोलतायत आणि मंडळी डोलतायत असं नव्हतं. बाबा अस्सल वऱ्हाडीत समोरच्यांना सवाल टाकत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. देव दगडात आहे का, नवसाला कोंबडं का कापता, कर्ज काढून लग्नं का करता, हे सगळं प्रश्नोत्तरांत. दिवसा ज्या माणसाने गावाचा उकिरडा उपसला, त्यालाच रात्री त्या कामाचा अर्थ उमगावा, अशी ती रचना होती. मजकुरात ‘इनोव्हेशन’ हा शब्द वारंवार येतो. कीर्तनाला झाडू जोडणं हे त्या काळातलं इनोव्हेशनच होतं, आणि ते शाळेत न गेलेल्या एका परटाच्या मुलाने केलं.

‘तरी देश घाणच राहिला’ याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. २०००-०१ साली राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्याआधी अनुदानावर बांधलेल्या कितीतरी संडासांत लोक सरपण आणि गोवऱ्या ठेवत होते. ज्यांनी त्या काळात खेडी पाहिलीत त्यांना हे सांगायला नको. अभियानाने वेगळी युक्ती केली. बक्षीस कुटुंबाला न देता अख्ख्या गावाला द्यायचं, गावागावांत स्पर्धा लावायची आणि श्रमदान गावाने करायचं. विटा त्याच, भांडं तेच. पण आता संडास वापरणं ही गावाच्या इभ्रतीची गोष्ट झाली होती आणि ती गोष्ट एका ओळखीच्या म्हाताऱ्याच्या नावाने सांगितली जात होती. सरकारला हे नाव का घ्यावंसं वाटलं असेल? नावात काहीच ताकद नसती तर ‘स्वच्छता योजना क्रमांक अमुक’ म्हणूनही भागलं असतं.

आता घातक मुद्दा: अडाणी लोकांना यंत्र द्या, ते आपोआप बदलतात.

हे वाक्य मी तीनदा वाचलं, कारण त्यात दोन अपमान एकत्र आहेत. एक, गरीब माणसाला विचार करता येत नाही. दोन, त्याच्याशी बोलायची गरज नाही. आणि ही नुसती उद्धट भाषा नाही, यातून पैसा पाण्यात जातो. ‘आपोआप’ काय होतं ते निर्धूर चुलींनी दाखवून दिलं आहे. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ साली गुंडाळला गेला. तोवर ३ कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या होत्या. आज विदर्भातल्या खेड्यात जाऊन विचारा, त्यातली एक तरी कुणाच्या स्वयंपाकघरात उरली आहे का.

याचा नीट, मोजून-मापून केलेला अभ्यास ओडिशातला आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा हा कुणा भावनाप्रधान भजनी मंडळाचा अहवाल नाही. सुमारे २६०० कुटुंबं घेतली. कुणाला चूल आधी मिळणार हे सोडत काढून ठरवलं, म्हणजे वशिल्याचा प्रश्न नाही. चार वर्षं त्यांच्या मागे राहून मोजमाप केलं. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर खरोखरच कमी झाला. त्यानंतर फायदा विरत गेला आणि शेवटी उरलाच नाही. चूल प्रयोगशाळेत उत्तम होती. घरात ती नियमित वापरली गेली नाही, वापरली तेव्हा बरोबर वापरली गेली नाही आणि तिची डागडुजी झाली नाही.

ज्यांनी चुलीवर स्वयंपाक केला आहे त्यांना कारण कळायला वेळ लागणार नाही. चिमणी वेळच्या वेळी साफ करावी लागते. मातीला तडा गेला की लिंपावं लागतं. चूल आणि वैल (तिला जोडलेलं दुसरं तोंड) दोन्हींवर भांडं नसेल तर एका तोंडातून धूर बाहेर येतोच. ही सगळी रोजची, कुणाला न दिसणारी कामं, आणि तीही त्याच बाईच्या माथी जिच्यावर आधीच पाणी, सरपण, लेकरं आणि निंदणी आहे. तिने हे का करावं? याचं उत्तर चुलीत नसतं. ते शेजारणीच्या तोंडून येतं: माझ्या सासूचा खोकला थांबला, लेकराचे डोळे चुरचुरत नाहीत, चिमणी मी दर सोमवारी झाडते.

अभ्यासाचा निष्कर्ष एवढाच की चूल पोचली, सवय पोचली नाही. पुढचं माझं म्हणणं आहे. सवय पोचवायला कुणीतरी माणूस लागतो आणि त्या माणसाजवळ त्या घराला आपली वाटेल अशी गोष्ट लागते. महिलांच्या बचत गटांत, भजनी मंडळांत, झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत अशी माणसं आहेत. त्यांना बाजूला सारून नुसतं सामान वाटत सुटलं तर दहा वर्षांनी तेच सामान अडगळीत सापडेल, आणि तेव्हा हाच मजकूरवाला लिहील की लोक अडाणीच आहेत.

मेंढा-लेखाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे सरकारी कागद आहेत, कुणी रंगवलेली कहाणी नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा कहाणीसारखी वाटते खरी, पण तिच्यामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय न घेण्याची शिस्त आहे. घोषणेशिवाय ही शिस्त टिकली असती का, आणि शिस्तीशिवाय घोषणेला कुणी विचारलं असतं का?

कोराडीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं, नाखुशीने का होईना. नागपुरातल्या भांडेवाडीत शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला जातं. पहिला प्रकल्पच रोज १३ कोटी लिटरचा होता. तेवढं चांगलं पाणी त्यामुळे वाचलं. यासाठी कुणी कीर्तन केलं नाही आणि करायची गरजही नव्हती. देणारी एक महानगरपालिका, घेणारी एक वीज कंपनी, मध्ये नळ. तुमच्या-माझ्या घरातली एकही सवय बदलली नाही. जिथे बदल दोन कार्यालयांच्या करारात मावतो, तिथे इंजिनिअर पुरतो. मान्य.

पण तेच पाणी घराच्या माठात भरायचं म्हटलं तर? ऑस्ट्रेलियात टूवूम्बा नावाचं शहर आहे. दुष्काळात त्यांनी शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळायचं ठरवलं. २००६ साली मतदान घेतलं आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. विरोधकांनी शहराच्या नावालाच विष्ठेचा शब्द जोडला होता. प्रकल्प बारगळला. सिंगापूरने तशाच तंत्राने शुद्ध केलेलं पाणी आधी लोकांच्या हातात दिलं. ९ ऑगस्ट २००२ च्या राष्ट्रीय दिनी पंतप्रधानांसह हजारो लोकांनी त्या पाण्याच्या बाटल्या उंचावल्या आणि ते पाणी प्यायलं. मग प्रकल्प कसा चालतो ते बघायला लोकांसाठी केंद्र उघडलं, शाळेची मुलं नेली. आज सिंगापूर ते पाणी वापरतं, मुख्यतः उद्योगांत आणि थोडं जलाशयांतून नळाला. टूवूम्बात यंत्राचा दोष नव्हता. तिथे किळसेची गोष्ट आधी घरात शिरली आणि तिला उत्तर देणारी दुसरी गोष्ट वेळेवर आली नाही.

मजकुरात न लिहिलेला एक आक्षेप मी स्वतःहून मांडते, कारण तो खरा आहे. जनजागृतीच्या नावाखाली बराच देखावा चालतो. चौकात पथनाट्य, हिरवे टी-शर्ट, फोटो आणि पांगापांग. आमच्या गल्लीत एका संस्थेने ओल्या-सुक्या कचऱ्यावर असाच कार्यक्रम केला. बायांनी दोन डबे घेतले, घरातल्यांना ओरडून ओरडून वळण लावलं, आणि कचऱ्याच्या गाडीवाल्याने दोन्ही डबे त्यांच्यादेखत एकाच पेटीत ओतले. कित्येक घरांनी त्यानंतर वेगळं करणं सोडलं. अशा वेळी बायांना दोष देणाऱ्यांची मला चीड येते. गाडीत मधली फळी नसेल तर कितीही सुंदर गोष्ट खोटी ठरते, आणि एकदा खोटी ठरलेली गोष्ट दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही. म्हणून मी गोष्ट की यंत्र असा वाद घालतच नाही. घालतो आहे तो मजकूर.

देखावा आणि जिवंत गोष्ट यांतला फरक नागपूरकरांना तरी समजायला हवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, १८८० च्या दशकापासून निघते. ‘रोगराई, इडापीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं शहर रस्त्यावर येतं. सोबतचे बडगे, म्हणजे शेवटी जाळायचे पुतळे, दरवर्षी नवे. महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, त्या वर्षी जे टोचत असेल ते. कुणी कंत्राट देऊन बडगा बनवून घेत नाही. वस्तीतली पोरं आपली तक्रार आपल्या हाताने बनवतात, म्हणून ती पाहायला लोक तासन्‌तास उभे राहतात. (बडग्यांत थर्माकोल आणि प्लास्टिक जळू नये, असं माझं मत आहे, आणि हे सांगायलाही वस्तीतलाच माणूस लागेल.) ज्याला या शहरात कचऱ्यावर, पाण्यावर, उन्हावर काही सांगायचं आहे, त्याने आधी ही मिरवणूक बघावी.

राहिला पाचवा मुद्दा, कार्बन खेचणाऱ्या यंत्रांचा. ही यंत्रं खरी आहेत आणि त्यांच्यावर काम व्हायलाच हवं. पण ‘तोवर सवयी बदलायची गरज नाही’ हा सल्ला आकड्यांपुढे टिकत नाही. आइसलँडमध्ये ‘मॅमथ’ नावाचं यंत्र २०२४ साली सुरू झालं, तेव्हा ते या प्रकारातलं जगातलं सर्वांत मोठं होतं. त्याची पूर्ण क्षमता वर्षाला ३६,००० टन कार्बन डायऑक्साइड खेचण्याची. आपल्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशावर एक मेगावॉट-तास वीज करताना साधारण ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तीनही संच पूर्ण क्षमतेने चालले तर चोवीस तासांत ४०,००० टनांच्या पुढे. म्हणजे तिकडे वर्षभरात जेवढा खेचला जाईल त्याहून जास्त इकडे एका दिवसात सुटतो, आणि कोराडी हे देशातल्या अनेक केंद्रांपैकी एक आहे. आईच्या भाच्याला मी हा गुणाकार पाठवला आहे, ओडिशाच्या चुलींच्या अभ्यासासह, आणि सांगितलं आहे की मावशीला पाठवलेल्या मजकुराखाली हेही त्याच ग्रुपवर टाक.