चाळीस फ्रेमा, ऐंशी बाजू

आमच्या कॅलेंडरवर दोनच गोष्टींभोवती लाल गोल असतो. एक संकष्टी आणि दुसरा पाण्याचा दिवस. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे साडेतीनला येतं, आणि ते नेमकं कधी येणार हे जो बरोबर सांगतो त्याला गल्लीत पंचांगकर्त्याचा मान असतो. अशा गावात राहणाऱ्या माणसानं टपाल तिकिटं जमवावीत, बुद्धिबळ खेळावं. मी मात्र धुतल्याशिवाय काडीच्या उपयोगाची नाही अशी वस्तू विकत घेतली. एक नव्हे, चाळीस.

त्याचं असं झालं. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी सांगोल्याकडे मेहुण्याच्या डाळिंबाच्या बागेत मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या. मेहुण्याला हवं होतं परागीभवन, मला हवा होता उद्योग आणि हिला हवं होतं मी दुपारी घरात नसणं. तिघांचंही भागत होतं. एके दिवशी मेहुण्याचा फोन आला, "दाजी, इथं एकजण पेट्या मोडालाय. प्लास्टिकच्या फ्रेमा हायत, वापरलेल्या. भंगाराच्या भावात देतो म्हणतोय. घेऊ का?"

फ्रेम म्हणजे पेटीत उभी लटकणारी चौकट, जिच्यावर माश्या पोळं बांधतात. लाकडी फ्रेमांना मी कंटाळलोच होतो. तारा ओवा, ताणा, तारांवर मेणपत्रा चिकटवा, आणि मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला की तो मेणपत्रा जेवून लवंडलेल्या पाहुण्यासारखा पोट सोडून बसतो. प्लास्टिकची फ्रेम म्हणजे एकसंध काम. दोन्ही बाजूंना साच्यातून काढलेले षटकोन, एकेक साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, एका फ्रेमला मिळून सात हजारांच्या घरात. आणि रंग काळा, म्हणजे राणीनं घातलेली पांढरी अंडी म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसतात. गणिताच्या मास्तरला याहून काय हवं? शिवाय मेणकिडा प्लास्टिक खात नाही, असं मेहुणा म्हणाला. खरंच खात नाही. प्लास्टिकवरचं मेण खातो.

अंगणात पोतं उपडं केलं तेव्हा हे कळलं. फ्रेमांवर काळंकुट्ट जुनं पोळं, त्यात मेणकिड्याची पांढरी जाळी, जाळीत वळवळणाऱ्या अळ्या, आणि कडेकडेनं माश्यांनी फटी बुजवायला थापलेली राळ, जी साबणाला अजिबात भीक घालत नाही. ही दारातूनच म्हणाली, "अहो, हे काय आणलाव?"

"फ्रेमा."

"धुणार कशानं?"

चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

पाणी नाही, म्हणून मी आधी कोरडं खरवडायला घेतलं. पण पिल्लं वाढलेलं जुनं पोळं म्हणजे नुसतं मेण नसतं. प्रत्येक माशी जन्मताना आपल्या कोशाचं अस्तर खोलीतच सोडून जाते. एकावर एक अशी अस्तरं साचून पोळ्याचं चामडं होतं. उलथनं मारलं की ते चामडं जागचं हलत नाही, खालचे षटकोन मात्र सोलून येतात. मग आठवलं, थंडीत मेण ठिसूळ होतं. फ्रेम गोठवली की पोळं टकाटक उडतं आणि मेणकिड्याची अंडीही मरतात.

फ्रेमची लांबी एकोणीस इंच. आमचा फ्रीझर आत सतरा इंच रुंद, बारा इंच खोल. मी हार मानणारा नव्हतो. सतराचा वर्ग, बाराचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ, कर्ण वीस पूर्णांक आठ! फ्रेम तिरकी बसणार. आयुष्यात पहिल्यांदा पायथागोरस घरच्या कामाला येणार म्हणून मी हिला हाक मारून बोलावलं. तिनं फ्रेम तिरकी घातली आणि शांतपणे दाखवलं की फ्रेमला नऊ इंचांवर उंचीही असते आणि फ्रीझर उभा आठच इंच आहे. वर म्हणाली, "हे पुस्तकात नव्हतं वाटतं."

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे मोठा डीप फ्रीझर आहे. त्यानं दुधाच्या पिशव्यांखाली रोज रात्री पाच फ्रेमा ठेवून घ्यायचं कबूल केलं. "पण सर, मधाची एक बाटली लागती बघा." म्हटलं, देतो. ही पहिली बाटली. तिसऱ्या दिवशी एका पोरानं त्याला विचारलं म्हणे, ही काळी कुल्फी कितीला. युक्ती झकास लागू पडली, फक्त गोठल्यावर प्लास्टिकही ठिसूळ होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. पेटीत फ्रेम ज्यावर लटकते त्या टोकांना कान म्हणतात. पहिल्याच सकाळी तीन कान तुटले. वर्गात इतके कान पिरगाळले, एकही तुटला नव्हता.

कुल्फीच्या वेगानं चाळीस फ्रेमांना आठ रात्री लागणार होत्या. मला एवढा धीर कुठला? मेण वितळतं बासष्ट-चौसष्ट अंशांना. सोलापुरात मे महिन्यात पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवावा कुणीही. बारा फ्रेमा पत्र्यावर मांडल्या, खाली परात ठेवली आणि जेवून आडवा झालो. उठून पाहतो तर परातीत वाटीभर मेण, आणि वर फ्रेमांचे पापड. काळं प्लास्टिक ऊन पितं, हे विज्ञानाच्या मास्तरला ठाऊक असतं. नऊ फ्रेमा कायमच्या वाकड्या झाल्या. वाकडी फ्रेम पेटीत चालत नाही, कारण माशी अंतराच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे. सहा ते नऊ मिलिमीटरची फट ती ये-जा करायला मोकळी ठेवते, त्याहून मोठी दिसली की तिथं पोळं बांधून टाकते. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्यानं हे 1851 साली ओळखलं आणि त्यावरच आजची सगळी पेटी उभी आहे. माझे पापड त्या पाद्र्याला दाखवायच्या लायकीचे नव्हते.

शिवाय वितळलेल्या मेणात थोडा मध होताच. त्या वासावर पलीकडच्या पाण्याच्या टाकीला लटकलेल्या आग्या माश्या उतरल्या. चावल्या कुणालाच नाहीत, पण शेजारच्या वहिनींचं वाळत घातलेलं धुणं संध्याकाळपर्यंत कुणाला काढता आलं नाही. दुसरी बाटली.

आता मोरीचं सांगायलाच हवं, जरी ही अजून त्या विषयावर बोलत नाही. पाण्याचा दिवस उजाडला. पिंप, घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरून झाले, तरी नळ चालू होता. उरलेल्या फ्रेमा मी एकेक करून गरम पाण्यात बुडवल्या. कढत नाही, वाकतील म्हणून. नुसतं मेण सुटेल इतपत. मेण छान सुटलं, वर तरंगलं, आणि मी ते पाणी अभिमानानं मोरीत ओतलं. पाणी गार झालं ते पाइपाच्या पहिल्या वळणावर. तिथंच मेणही बसलं. वर नळ धो धो चालू, खाली मोरी तुंबलेली, आणि पाच दिवसांनी आलेलं पाणी उंबरा ओलांडून बैठकीच्या खोलीत. घरात पाणीच पाणी ही सोलापूरकराची स्वप्नातली गोष्ट, पण ती अशी नव्हे.

प्लंबरनं दोन तास तार घातली. शेवटी मनगटाएवढा पिवळा दंडगोल ओढून काढला आणि वास घेतला. "साहेब, मोरीत मेणबत्ती हाय की ओ!" पैसे घेतलेच, वर मधाची चौकशी केली. तिसरी.

शेवटी विजापूर रोडवर गाड्या धुवायचं एक सेंटर आहे, तिथं रिक्षातून फ्रेमा नेल्या. बोअरचं पाणी, प्रेशरचा पाइप, मोरी दुसऱ्याची. पाइप धरलेला मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला. सातवीला त्याला दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं. "सर, हे कुठल्या गाडीचं पार्ट हाय ओ?" म्हणत त्यानं फ्रेम भिंतीला टेकवली आणि फवारा सोडला. दहा सेकंदांत चार वर्षांचं पोळं गेलं. कुठं गेलं? थोडं माझ्या शर्टावर, थोडं चष्म्यावर, आणि बरंचसं शेजारी नुकत्याच पुसून ठेवलेल्या पांढऱ्या मोटारीवर. मोटार त्यानं पुन्हा धुतली, पैसे घेईना. सातवीचा राग त्यानं असा फेडला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याला मी आपण होऊन बाटली कबूल केली. चौथी.

धुतलेल्या एकतीस फ्रेमा इतक्या लख्ख झाल्या की माशी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. हा या धंद्यातला विनोद आहे. मेण काढण्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा, आणि नागडं प्लास्टिक माशी आपलं मानत नाही म्हणून पुन्हा मेण लावायचं. बाजारातून मेण आणलं तर ते पॅराफिन निघालं. खऱ्या मेणाला मधाचा वास असतो, याला कसलाच नव्हता. मग पोळ्यांच्या झाकण्यांचं साठवलेलं दीड किलो मेण काढलं. एक किलो मेण करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्चावा लागतो असं मानतात. म्हणजे मी गॅसवर जे चढवत होतो तो नऊ ते बारा किलो मध होता. हात थरथरणारच.

मेण थेट आचेवर वितळवत नाहीत, पेट घेतं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवतात. दुसरं पातेलं म्हणजे जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतून आणलेलं हिचं जर्मनचं पातेलं, आणि ही त्या दिवशी भिशीला गेली होती. रंगकामाचा स्पंजाचा रोलर मेणात बुडवून फ्रेमवर फिरवायचा. सोपं वाटतं. मेण फार गरम असलं की खोल्यांच्या तळात उतरून बसतं, गार झालं की गोळे येतात. हवं असतं फक्त षटकोनाच्या कडांवर. प्रत्येक बाजूला चोवीस ग्रॅम असा हिशेब करून मी वजनकाट्यावर एकेक फ्रेम तोलत होतो. तासाभरात पाच झाल्या. आई, वय चौऱ्याऐंशी, खुर्चीवरून बघत होती. "काय करालास रे?" उत्तराची वाट न पाहता तिनं फडक्याची पुरचुंडी मेणात बुडवली आणि पोळीला तूप लावावं तशी फ्रेमवर फिरवली. उरलेल्या तिनं दीड तासात संपवल्या. एक राहिली, कारण मेणच संपलं.

खाली अंथरलेल्या चादरीवर जे सांडलं ते मी वर्तमानपत्र ठेवून इस्त्रीनं काढलं. मेण कागदानं शोषलं. कागदावरची भविष्याची अख्खी पुरवणी मात्र चादरीवर उलटी उमटली.

जूनमध्ये फ्रेमा पेटीत गेल्या. डाळिंबाच्या मृग बहारावर माश्यांनी पराग आणला, पावसाळा सरता सरता बोरीच्या फुलांवर मध. माझ्या तोललेल्या आणि आईच्या फिरवलेल्या फ्रेमांत त्यांनी काहीही फरक केला नाही. न मेणवलेल्या त्या एका फ्रेमला मात्र शिवल्या नाहीत. तिच्यासमोरच्या फटीत, शेजारच्या फ्रेमला जोडून, आडवंतिडवं पोळं बांधलं. गणितात याला उत्तर चूक, रीत बरोबर म्हणतात.

गड्ड्याच्या सुमाराला चारही पेट्यांतून मध काढला. अर्ध्या किलोच्या सहा बाटल्या भरल्या. किराणावाला, वहिनी, प्लंबर, धुलाई सेंटरचा मुलगा. पाचवी मेहुण्याला, कारण बाग त्याची. सहावी रिक्षावाल्याला, कारण त्याच्या सीटवर अजून मेण आहे आणि तो रोज भेटतो.

आई सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घेते. काल तिनं बरणीत चमचा फिरवला, बरणी माझ्याकडे उलटी करून दाखवली आणि पाण्यात गुळाचा खडा टाकला. ही मात्र घाईत होती. तिनं जर्मनचं पातेलं दारात आणून ठेवलं, आत अजून पिवळा थर होता, आणि म्हणाली, "आज पाण्याचा दिवस हाय. घासा."