भट, ओसरी आणि १९७३ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(तुम्ही मला 'बाळ' म्हणालात, तेव्हा काका म्हणायची मुभा आहे असं धरते.)

युरोपातल्या स्थलांतरावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमची मुलगी रीतसर व्हिसा घेऊन म्युनिकला गेली, पगारातून घसघशीत कर भरते आणि बोटीतून आलेल्यांना घर, भत्ता, औषधपाणी सगळं फुकट. ब्रुसेल्सचे, म्हणजे युरोपीय संघाचे, बाबू वरून हुकूम सोडतात. माझ्यासारखे उदारमतवादी दुसऱ्याच्या खिशावर उदार होतात, आणि हिंमत असेल तर मी एखाद्याला माझ्याच घरी ठेवून घ्यावं. शेवटी ती म्हण: भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

म्हणीपासूनच सुरुवात करते, कारण मी राहते त्या जर्मनीने ती अक्षरशः आजमावून पाहिली आहे. १९५५ साली इटलीशी, १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून इथल्या कारखान्यांनी माणसं बोलावली. नावच 'पाहुणे कामगार'. १९७३ पर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख आले आणि त्यातले १ कोटी १० लाखांच्या आसपास परत गेले. परत गेले, काका! पैसे जमवले, गावी घर बांधलं, गेले. मग नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलाच्या संकटात सरकारने भरती एकदम बंद केली. तोपर्यंत माणूस निर्धास्त गावी जायचा, कारण गरज पडली तर पुन्हा येता यायचं. आता गेलं की दार कायमचं बंद. मग राहिलेल्यांनी काय केलं? बायकापोरांना इकडे बोलावून घेतलं. भटाने हातपाय पसरले खरे, पण 'उठलास तर परत ओसरीवर पाय ठेवू देणार नाही' असं त्याला सांगितल्यावर.

माझ्या उदारमतवादाचा गाभा एवढाच आहे. सगळ्यांना या म्हणणं हा नव्हे. येण्याजाण्याची आणि काम करण्याची वाट सरळ ठेवली, तर माणसं आपला हिशेब आपण करतात. ती बुजवली की खर्च सरकारच्या गळ्यात पडतो.

२००४ चं उदाहरण माझ्या लेखात आलं होतं, त्यावर तुम्ही ब्रिटनचे आकडे तोंडावर फेकलेत. ते बरोबर आहेत. पोलंडसह दहा देश युरोपीय संघात आले तेव्हा ब्रिटन सरकारसाठी केलेला अंदाज होता वर्षाला ५ ते १३ हजार माणसांचा. २०११ च्या जनगणनेत पोलंडमध्ये जन्मलेले ५ लाख ७९ हजार लोक एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये निघाले. पण तो अंदाज करताना इतर देशही दारं उघडतील असं धरलं होतं. उघडली फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने. शेजारच्या जर्मनीने सात वर्षं कुलूप लावलं, मग लोंढा लांबच्या लंडनला गेला. तुम्ही याला युरोपीय सहकार्याचं अपयश म्हणता. मला तर त्यात सहकार्यच दिसत नाही. आणि २०१६ ला ब्रेक्झिटचा कौल घेतल्यावर काय झालं? २०२३ च्या मध्याला ब्रिटनमधलं निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं होतं. येणाऱ्यांत आघाडीवर आपले भारतीयच होते.

आता फुकटाबद्दल. युरोपीय नागरिकालाही दुसऱ्या देशात तीन महिन्यांपुढे राहायचं तर नोकरी-धंदा किंवा स्वतःचा पैसा लागतो. लाइपझिगच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की काम शोधतही नसलेल्या परदेशी युरोपीय माणसाला भत्ता नाकारता येतो. मला तो निकाल योग्य वाटतो, त्यावर माझ्याच गोटातल्या मित्रांशी भांडण झालंय. उलट बाजूने पाहा: माझ्या पगारातून पेन्शनसाठी ९.३ टक्के जातात, तेवढेच कंपनी भरते. ते माझ्या नावाने कुठे साठत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजींची या महिन्याची पेन्शन त्यातूनच निघते. आणि तुमच्या मुलीला लेकरू असेल तर त्याच्या नावाने महिन्याला अडीचशे युरोंच्या वर किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, येत असेल. ते घेताना ती फुकटी ठरत नाही. ठरूही नये.

निर्वासितांची गोष्ट वेगळी, आणि तिथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. २०१५ मध्ये जेमतेम एक कोटी वस्तीच्या स्वीडनमध्ये आश्रयाचे १ लाख ६३ हजार अर्ज आले. घरं नव्हती, शाळांत जागा नव्हती. लेखात मी ते एका वाक्यात उडवून लावलं, ती माझी चूक. पण जर्मनीत त्याच वर्षी आलेल्या धडधाकट माणसाला पहिले तीन महिने कामाची बंदी होती. त्यापुढेही त्या जागेसाठी कोणी जर्मन किंवा युरोपीय मिळत नाही ना, याची तपासणी व्हायची. बसवून ठेवायचं आणि मग 'बसून खातो' म्हणायचं! २०२२ मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी २००१ पासून कपाटात पडलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा पहिल्यांदा बाहेर काढला. युरोपात पहिलं पाऊल पडेल त्याच देशात थांबा ही डब्लिन नियमांची अट नाही, कामाची परवानगी लगेच.

इथे तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते, तुम्ही तो मांडला नाहीत. भत्ता जर्मनीत भरघोस, पोलंडमध्ये तुटपुंजा, आणि युक्रेनी बायका कामाला लागल्या त्या पोलंडमध्ये कितीतरी लवकर. भाषा जवळची हे एक कारण, जर्मनीने आधी भाषेचे वर्ग पुरे करा म्हटलं आणि पाळणाघरांत जागा नव्हत्या हे दुसरं. तरी भत्त्याचा काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही.

ब्रुसेल्सबद्दल एकच ओळ: तुमची मुलगी ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कामगारांचा परवाना) आली असेल, तर त्या कार्डाची योजना ब्रुसेल्सच्या बाबूंनीच काढलेली आहे.

आणि घरी ठेवण्याचं म्हणाल, तर नाही, ठेवणार नाही. दोन खोल्या आहेत, सासूबाई येऊन-जाऊन असतात. तसं पाहिलं तर ठाण्यातल्या प्रत्येक आजारी माणसाला तुम्हीही घरी आणत नाही, सिव्हिल हॉस्पिटल असतं. आधार देणं कुणा एकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडायचं नसतं, म्हणून तर मी कर भरते.

जाता जाता. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मी राहते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी आपली पोरं इकडे यायची असं त्यात ठरलं. त्यातला एखादा लातूरचा मुलगा तीन वर्षांनी बायकोच्या व्हिसासाठी अर्ज भरेल, तेव्हा ती ओसरीची म्हण त्याला ऐकवाल का, तेवढं कळवा.