आधी ऐका, नावं नंतर
शास्त्रीय संगीत कळायला आधी रागांचा अभ्यास हवा, असं मत एका लेखात वाचलं. मला ते पटत नाही. नवा श्रोता याच धास्तीने दूर राहतो. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. पण भूप गंधाराभोवती (म्हणजे ‘ग’), सप्तकाच्या खालच्या अंगात रमतो. देशकार धैवतावर (म्हणजे ‘ध’), वरच्या अंगात. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. लक्ष देऊन दोन्हींचे आलाप ऐकले तर व्याकरण न शिकताही वेगळेपण जाणवू लागतं. जाणकारांचे पूर्वग्रह तर आणखी घट्ट! ‘हे आमच्या घराण्याचं गाणं नाही’ म्हणत कुमार गंधर्वांना न ऐकताच बाजूला सारणारे रसिक भेटले की मनापासून वाईट वाटतं. केवढ्या आनंदाला मुकतात ते!