पोटाशी पासपोर्ट

परदेशी निघण्याआधी मी चोरांवर इतकं वाचलं, की रोममध्ये काय बघायचं हे मला धड ठाऊक नव्हतं, पण तिथल्या ६४ नंबरच्या बसमध्ये पाकिटं मारतात हे तोंडपाठ होतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तर एप्रिल २०१३मध्ये पाकीटमारांना वैतागून कर्मचाऱ्यांनीच काम बंद पाडलं होतं. मोनालिसा सांभाळणाऱ्यांची ही गत, तिथे आपली काय कथा!

म्हणून शर्टाच्या आत, थेट कातडीला लावून, मी एक कापडी पट्टा बांधला. त्यात दोघांचे पासपोर्ट, नोटा आणि एक कार्ड. दुसरं कार्ड बायकोच्या पर्समध्ये, पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. (हे मात्र खरंच करावं.) पट्ट्यामुळे पोट सुटल्यासारखं दिसतं, अशी मी कुरकुर केली. त्यात पट्ट्याचा काही दोष नाही, असं बायकोचं मत पडलं.

पंचाईत झाली ती तिकिटाच्या खिडकीपाशी. मागे ही लांब रांग. मी भिंतीकडे तोंड केलं, श्वास रोखून पोट आत ओढलं आणि हात खुपसला. चेन घामाने चिकटलेली. कशीबशी एक नोट निघाली, तीही गरम आणि दमट. खिडकीतल्या बाईंनी ती चिमटीत धरून घेतली. एव्हाना माझा खजिना कुठे आहे हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं होतं. 'पाकीटमारांपासून सावध' ही पाटी वाचली की लोक आपोआप खिसा चाचपतात आणि चोर तेच टिपतात, हेही मी वाचलं होतं. मी तर पाटी नसतानाही दर दोन मिनिटांनी पोट चाचपत होतो.

शेवटी सगळं हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीत ठेवलं. जन्मतारीख कुणीही ओळखेल, म्हणून कुणाला स्वप्नातही सुचणार नाही असा आकडा टाकला. सकाळी तो मलाही सुचेना. रिसेप्शनवरचा पोरगा आला. त्याने ओळखपत्र मागितलं. ते तिजोरीत. तो हसला, पाच-सहा बटणं दाबली आणि दार टकदिशी उघडलं. मास्टर कोड असतो म्हणे त्यांच्याकडे.

"सुटलो बाई!" बायको म्हणाली.

मी मात्र त्याच्या बोटांकडे बघत होतो.

"अहो, निदान झोपताना तरी काढा तो पट्टा."

नाही काढला. परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट तळहाताने दोनदा दाबून सपाट केला. दोन्ही वेळा तो माझ्या पोटाच्या गोलाईवर परत गेला.